पोरांच्या नावाची कोंबडी
(शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या खांडबारा परिसरात शाळेतून आलेले पोर दप्तर टाकते आणि आधी शेळ्या सोडायला धावते. घरातील एखादी कोंबडी, एखादे करडू त्याच्याच नावाचे असते. आपण बहुतेकजण असेच वाढलो. तेव्हा मुलांना जनावरांपासून दूर ठेवा, असे सांगायला मी उभा नाही. खुडूक कोंबडीखाली ठेवलेल्या अंड्यांतून २१ दिवसांनी पिले निघतात, शेळी व्यायला आली की कास कशी भरते, हे आपल्या पोरांना पुस्तकाआधी कळते. पण काही गोष्टी आपण त्यांना सांगत नाही.

फेब्रुवारी २००६ आठवा. आपल्याच तालुक्यात, नवापूरला, बर्ड फ्लू आला. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान केले. पाळीव पक्ष्यांमध्ये या रोगाची देशातील ती पहिलीच नोंद. पोल्ट्रीतील लाखो पक्ष्यांबरोबर परसातील कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापूरवर पुन्हा तीच वेळ आली.

पोल्ट्रीवाल्याचे नुकसान कागदावर मांडता येते. पण ज्या पोराने पिलू तळहातावर वाढवले, त्याची कोंबडी अंगणात धडधाकट चरत असताना तिला नेतात, तेव्हा ते विचारते, "माझी कुठे आजारी आहे?" मग कोंबडी डालग्याखाली किंवा माळ्यावर लपवली जाते आणि मोठी माणसेही काणाडोळा करतात. मला वाटते, अशा वेळी पोराला खरे तेच सांगावे. धडधाकट दिसणाऱ्या कोंबडीतही रोग असू शकतो आणि तो माणसाला होऊ शकतो. भारतात या रोगाने माणूस दगावल्याची पहिली नोंद जुलै २०२१ मधील आहे. तो हरियाणाचा ११ वर्षांचा मुलगा होता.

एकाएकी कोंबड्या मरू लागल्या, तर ती मानमोडी की बर्ड फ्लू, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून मेलेल्या कोंबडीला मुलांना हात लावू देऊ नये, ती नाल्यात टाकू नये, विकू नये व खाऊ नये. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. नुकसानभरपाई नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. उशीर केला तर तोटा आपलाच. शिवाय आजारी पिलू मायेने तोंडाजवळ धरणे, रात्री अंथरुणात घेणे या सवयी लहानपणीच मोडाव्यात. खुराडे झाडल्यावर साबणाने हात धुवायला लावावे.

मानमोडीला मात्र लस आहे. पिलू ५ ते ७ दिवसांचे असताना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लस टोचून घ्यावी. अडचण अशी, की एका कुपीत शंभर किंवा जास्त मात्रा असतात आणि कालवलेली लस लगेच संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कोण आणणार? म्हणून पाड्याने मिळून एक दिवस ठरवावा. लस बर्फावरच आणावी. कोंबड्या धरून आणायचे काम पोरांना द्या, एकही सुटणार नाही!

शेळ्यांचे थोडक्यात सांगतो. करडाला जन्मल्यावर तासाभरात चीक पाजावा. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी द्यावी. पीपीआरची लसही चुकवू नये.

आता कुत्रा. पोर चरायला निघाले की कुत्रे पुढे असतेच. कुत्रा चावला तर घरचे रागावतील किंवा कुत्र्याला मारतील, या भीतीने पोर गप्प बसते. ही गप्प बसण्याची सवय जिवावर बेतते. पिसाळलेल्या कुत्र्यापासून होणारा रेबीज एकदा उमटला की त्यावर खात्रीचा उपाय नाही. चावा, नखाचा ओरखडा किंवा जखमेवर चाटणे, यांपैकी काहीही झाले तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. चुना, तिखट, हळद लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा व डॉक्टर सांगतील तितकी इंजेक्शने पुरी करावीत. चावणारे लहान पिलू होते म्हणून सोडून देऊ नये. घरच्या कुत्र्याला तीन महिन्यांचा झाला की लस टोचावी, पुढे दरवर्षी. आणि आज घरी गेल्यावर पोराला जवळ बसवून एवढे सांगा, की कुत्रा चावल्याचे सांगितले तर आम्ही रागावणार नाही.