शंभर दृश्यक्षेत्रांचा धडा



हुबळी येथे १९५७ साली वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. अशा संस्थेत डॉक्टर सर्वांच्या दृष्टीस पडतात. प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ मात्र रुग्णास क्वचितच दिसतो. तथापि क्षयाचे निदान पुष्कळदा त्याच्याच नजरेवर अवलंबून असते. थुंकीची काचपट्टी रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली किमान १०० दृश्यक्षेत्रे तपासल्याखेरीज ‘जंतू आढळले नाहीत’ असे लिहिता येत नाही. कंटाळून पन्नासांवर थांबणारा विद्यार्थी कदाचित परीक्षा उत्तीर्ण होईल. परंतु निदान हुकलेला रुग्ण घरी परतून मुलाबाळांना संसर्ग देईल. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायास वैधानिक स्थान दिले आहे. त्या स्थानाची प्रतिष्ठा उरलेली पन्नास क्षेत्रे तपासणाऱ्यांच्याच हाती आहे.