उपनगरांत बिऱ्हाड कोठें करावें?

मुंबईच्या बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं धांवली. १८९६ सालीं प्लेगनें शहरांतील दाट वस्तीस गांठलें, तेव्हां मोकळ्या हवेची किंमत लोकांना कळूं लागली. १९२५ सालीं विजेची गाडी आली आणि वस्ती रुळांच्या कडेनें उत्तरेकडे पसरत गेली. आज ती कल्याण आणि विरार यांच्याही पलीकडे पोंचली आहे. म्हणून मुंबईच्या उपनगरांत घर भाड्यानें घेणें म्हणजे आगगाडीच्या एका वाटेवर कुटुंबाची जागा ठरविणें होय.

ही जागा ठरवितांना बहुतेक कुटुंबें दोनच गोष्टी पाहतात : भाडें किती आणि स्थानक कोणतें. परंतु प्रवास स्थानकापासून स्थानकापर्यंत होत नसतो. तो घराच्या उंबरठ्यापासून कचेरीच्या दारापर्यंत होतो. दलाल ‘स्थानकापासून पांच मिनिटें’ म्हणतो, त्यांत पुलाचे जिने नसतात, रिक्षाची रांग नसते आणि संध्याकाळची बाजारपेठेंतील दाटीही नसते. घर पूर्वेस आणि रिक्षाचा थांबा पश्चिमेस असला, तर पूल ओलांडण्यांतच तीं पांच मिनिटें संपतात.

एक साधा हिशेब पाहावा. स्वस्त घरामुळें जातांना वीस आणि येतांना वीस मिनिटें अधिक लागत असतील, तर पंचवीस दिवसांच्या कामाच्या महिन्यांत हजार मिनिटें, म्हणजे सुमारें पावणेसतरा तास जातात. वाचलेल्या भाड्यांतून रिक्षाचा खर्च वजा करावा आणि उरलेली रक्कम या तासांच्या शेजारीं मांडावी. पुष्कळदां स्वस्त घर महाग ठरतें. क्वचित् तें खरोखरच स्वस्त असतें. पण तेंही हिशेब केल्यावांचून कळत नाहीं.

गाड्यांचीही पारख हवी. जलद गाडी दादर, घाटकोपर, ठाणें किंवा अंधेरी, बोरिवली अशा ठराविक स्थानकांवरच थांबते. अशा स्थानकाजवळ राहिल्यानें वेळ वाचतो, परंतु दूरच्या गांवाहून आलेली गाडी तेथें पोंचते ती भरूनच. उलट ठाणें, डोंबिवली किंवा बोरिवली येथून कांहीं गाड्या सुटतात; तेथें बसावयास जागा मिळण्याचा संभव अधिक. ज्याची कचेरी रुळांच्या सरळ रेषेंत नाहीं, त्यानें आडवे मार्ग पाहावे. ८ जून २०१४ रोजीं वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो सुरू झाली, तेव्हां पश्चिम आणि मध्य रेल्वे उपनगरांतच जोडल्या गेल्या आणि दादरचा वळसा पुष्कळांचा टळला.

परंतु या सर्वांपेक्षां महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे : घर कोणाच्या सोयीनें निवडावयाचें? मिळवत्या पुरुषाची कचेरी नकाशाच्या मध्यभागीं ठेवून निवड होते, आणि बाकीच्यांनी तिच्याशीं जुळवून घ्यावें असें गृहीत धरलें जातें. घरांतील स्त्रीचा प्रवास मात्र एकाच रेषेंत क्वचित् असतो. ती नोकरीवरून परततांना पाळणाघर, भाजी आणि औषध यांचे तीन थांबे घेते. एक रस्ता काळोखा असला कीं तिला लांबची वाट धरावी लागते. वृद्धांना पुलाचे जिने झेपत नाहींत. शाळेंत जाणाऱ्या मुलास मोठा रस्ता एकट्यानें ओलांडतां येतो कीं नाहीं, यावर आईची नोकरीची वेळ अवलंबून असते. म्हणून घरांतील सर्वांत कमी बळाच्या माणसास जें ठिकाण सोयीचें, तेंच कुटुंबास सोयीचें समजावें.

त्यासाठीं घर रविवारीं दुपारीं पाहून भागत नाहीं. कामाच्या दिवशीं सकाळीं साडेआठास तेथून कचेरीपर्यंत जावें आणि रात्रीं नऊ वाजतां स्थानकावरून पायीं परत यावें. पावसाळ्याविषयीं शेजारच्या दुकानदारास विचारावें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि गाड्या बंद पडल्या. तसा दिवस विरळा, पण सखल रस्त्यावर दरवर्षीं पाणी सांचतें.

शेवटीं कराराची बाब. महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या ५५ व्या कलमाप्रमाणें करार लेखी आणि नोंदविलेला असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. मुदतीपूर्वीं घर सोडावयाचें झाल्यास किती दिवसांची सूचना द्यावी, हें त्यांत स्पष्ट लिहून घ्यावें. कारण भाड्याच्या घराची एक मोठी सोय अशी कीं, निवड चुकली तरी ती सुधारतां येते. करारानें ती वाट बंद होऊं देऊं नये.