बाळाच्या डोक्यावरील सूज



बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलणारी आम्ही माणसे. आज तान्ह्या बाळाच्या डोक्याविषयी बोलणार म्हणून काहींना हसू येईल. पण मजुराच्या घरात अज्ञानाची किंमत पगारातून आणि जिवातून, दोन्हींतून द्यावी लागते. आम्ही डॉक्टर नव्हेत. वाचून आणि जाणत्यांना विचारून जे कळले ते सांगतो.

बाळंतीण थकली किंवा बाळाच्या हृदयाचे ठोके बिघडले, की कधी डॉक्टर बाळाच्या डोक्याला वाटी लावून आतली हवा शोषून घेतात आणि कळ येताच ओढ देतात. एडिंबरोच्या सिम्प्सनने १८४९ साली असा प्रयोग केला होता. १९५० नंतरच्या दशकात स्वीडनच्या माल्मस्ट्रॉमने धातूची वाटी केली आणि ही रीत रुजली. वाटीत कातडी ओढली जाते, तेथे पाणी साचते आणि उंचवटा येतो. डॉक्टरांनी त्याला अंबाड्याचे फ्रेंच नाव दिले आहे : शिन्याँ. तो बहुधा एकदोन दिवसांत ओसरतो. त्यात आईचा दोष नाही, ग्रहणाचाही नाही.

दुसरी सूज हाडावरच्या पापुद्र्याखाली रक्त साचून येते. ती काही तासांनी दिसते, कवटीच्या सांध्यापलीकडे जात नाही आणि विरायला आठवडे, कधी महिने लागतात. तिच्यामुळे कावीळ वाढू शकते, म्हणून बाळ पिवळे दिसल्यास दाखवावे.

तिसरी मात्र क्वचित येणारी, पण घातक. सूज मऊ, लिबलिबीत असते. ती पसरत मानेकडे, कानामागे उतरते. बाळ पांढरे पडते, मलूल होते. तेथे एक घटकाही थांबू नये.

आमच्याकडे डोके गोल करण्यासाठी तेल लावून दाबण्याची चाल आहे. आजीची माया खरी. पण सुजलेले डोके दाबू नये, चोळू नये, शेकू नये.

मुंबई इलाख्यात १९२९ साली प्रसूतिलाभाचा कायदा झाला, तो बायकांच्या हक्काचा म्हणून. कोणाची मेहरबानी म्हणून नव्हे. माहितीचेही तसेच आहे. घरी निघण्यापूर्वी विचारा : "डॉक्टर, ही सूज कोणती? केव्हा परत आणू?" उत्तर मिळेपर्यंत उठू नका. मागितल्याशिवाय काही मिळत नाही, एवढे तरी आम्ही चळवळीत शिकलो आहोत.