आंकड्यामागचें माप

मुंबईचा मण २८ पौंडांचा आणि बंगाली मण सुमारें ८२ पौंडांचा, अशी स्थिति या देशांत दीर्घ काळ होती. दोन्हींकडील व्यापारी ‘दहा मण’ असेंच लिहीत. अर्थ मात्र एक नसे. हा घोटाळा केवळ बाजारापुरताच राहिला असें नाहीं.

११ डिसेंबर १९९८ रोजीं अमेरिकेनें ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हें यान मंगळाकडे धाडलें. यानाच्या लहान झोतांच्या आवेगाचा हिशेब पृथ्वीवरील एक संगणक-कार्यक्रम ‘पौंड-बल-सेकंद’ या मापांत देई; दुसरा कार्यक्रम तेच आंकडे ‘न्यूटन-सेकंद’ समजून घेई. एक पौंड-बल म्हणजे सुमारें ४·४५ न्यूटन. तितक्या पटीनें आवेग कमी धरला गेला. मंगळापासून २२६ किलोमीटरांवरून जावयाचें यान सुमारें ५७ किलोमीटरांवर उतरलें आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजीं कायमचें अंतरलें. आंकडा दोघांनाही दिसत होता. माप कोणासच दिसत नव्हतें.

यावरील उपायाचें मूळ जुनें आहे. प्रत्येक राशीस परिमाण असतें व समीकरणांतील सर्व पदांचें परिमाण एकच असावें लागतें, हा विचार फ्रेंच गणिती फूरिये यांनीं १८२२ सालीं मांडला. आज संगणकासाठीं रचलेल्या तयार ‘लायब्ररी’ हेंच तत्त्व पाळतात. लांबी, वस्तुमान, काल इत्यादि मूळ परिमाणांचे घातांक प्रत्येक राशीबरोबर ठेवले जातात. गुणाकारांत घातांकांची बेरीज होते. बेरजेंत मात्र ते समान असावे लागतात. मीटरांत सेकंद मिळवूं पाहणारास कार्यक्रम चालण्यापूर्वींच अडविलें जातें. अँड्रू केनेडी यांनीं केंब्रिज येथील १९९६ च्या प्रबंधांत या तपासणीची शास्त्रशुद्ध मांडणी केली. पुढें ‘एफ-शार्प’ या संगणक-भाषेंत ती आली. तेथें तपासणी संपतांच मापें पुसलीं जातात. म्हणून वेगांत उणेपणा येत नाहीं.

परंतु परिमाण जुळलें म्हणजे सर्व साधलें असें नव्हे. पौंड-बल-सेकंद आणि न्यूटन-सेकंद यांचें परिमाण एकच आहे. म्हणून उत्तम रचनेंत परिमाण व एकक हीं वेगळीं राखतात आणि नवें एकक जोडणाऱ्याकडून नांव, परिमाण व गुणक हीं तिन्हीं मागून घेतात. ‘मुंबई मण’ आणि ‘बंगाली मण’ तेथें सुखानें नांदतात. नुसत्या ‘मणा’स थारा नसतो. ऊर्जा आणि पीळ यांचें परिमाणही एकच. त्यांतील भेद रचनाकारानेंच ओळखावा लागतो.

शिवाय यानाच्या प्रकरणीं आंकडे एका कार्यक्रमांतून दुसऱ्यांत कागदपत्राप्रमाणें गेले. अशा वेशीवर लायब्ररीचा पहारा संपतो. तेथें आंकड्याशेजारीं माप स्पष्ट लिहावें आणि घेणारानें तें वाचावें, हा जुन्या पेढीवरचा नियमच उपयोगीं पडतो.