स्पिरिट तापवितांना

वनस्पति उन्हांत पिष्ट तयार करतात, हें दाखविणारा पानाचा प्रयोग आपल्यापैकीं बहुतेकांनीं शाळेंत पाहिला असेल. पान उकळत्या पाण्यांत बुडवावयाचें, मग स्पिरिटमध्यें तापवून त्यांतील हरितद्रव्य काढावयाचें, आणि शेवटीं आयोडिन टाकून निळसर काळा रंग पाहावयाचा. रंगाचें कौतुक सर्वांना. मधल्या पायरीकडे मात्र फारसें कोणी लक्ष देत नाहीं, आणि मुलांचे हात भाजतात ते तेथेंच.

स्पिरिट जळतें असें आपण म्हणतों. वास्तविक जळते ती त्याची वाफ. शुद्ध अल्कोहोल ७८ अंश सेंटिग्रेडला उकळतें; परंतु पेट घेण्याजोगी वाफ त्याच्यावर सुमारें १३ अंशांसच जमते. म्हणजे आपल्याकडील हिवाळ्याच्या दुपारीं सुद्धां उघडी बाटली पेटावयास सज्जच! शिवाय ही वाफ हवेच्या दीडपटीहून जड. ती भांड्याच्या कडेवरून खालीं उतरते, मेजावर पसरते, आणि दिवा हातभर दूर असला तरी त्याला जाऊन भेटते. ईथरचें तर विचारूंच नये. तें ३५ अंशांच्या आंतच उकळतें. शाळेनें त्याच्या वाटेस जाऊं नये हें बरें.

म्हणून पाणी आधीं उकळून घ्यावें, दिवा विझवावा, आणि मगच स्पिरिटची बाटली उघडावी. पान व स्पिरिट घातलेली परीक्षानळी त्या कढत पाण्यांत उभी करावी. पाणी ८० अंशांच्या वर असलें कीं स्पिरिट आपोआप उकळूं लागतें. पाणी निवलें तर दुसरें आणावें. दिवा पुन्हां पेटवूं नये. नळीस बूच मारूं नये. कोंडलेली वाफ कांच फोडते. महाविद्यालयांत फार वेळ उकळावयाचें असल्यास वर थंड पाण्याचा संघनक जोडतात, व द्रव थंड असतांनाच चिनी मातीचे खडबडीत तुकडे त्यांत टाकतात. तापल्यावर टाकले तर सारा द्रव एकदम उसळून बाहेर येतो. विजेची उघड्या तारेची शेगडीही, ज्वाळा नाहीं म्हणून, निर्धोक समजूं नये.

कांहीं शिक्षक हा प्रयोग फळ्यावर काढूनच उरकतात. मला तें पटत नाहीं. मुलांनीं तो स्वतः करावा, पण डोळ्यांदेखत. नळीनें पेट घेतलाच तर फुंकर मारूं नये, ती उचलून धांवूं नये. नळीच्या तोंडावर ओलें फडकें टाकावें. हवा तुटली कीं ती विझते. अल्कोहोलची ज्वाळा फिकट निळी असते, उन्हांत दिसतही नाहीं. तेव्हां विझली असें मानून लगेच हात घालूं नये. आणि मेजावर स्पिरिट लागेल तेवढेंच, लहान बाटलींत आणावें. मोठी बाटली कपाटांत असावी, व कपाटाची किल्ली शिक्षकाच्या खिशांत.