हप्ता किती, एवढंच विचारू नका
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील व्याख्यानाचा मजकूर)



सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली, याबद्दल सगळ्यांचं मनापासून अभिनंदन. सचिवांनी मला ‘बँकेतल्या अनुभवावर काहीतरी बोला’ एवढंच सांगितलं होतं. मी विषय निवडला आहे कर्जाचा. शेतकऱ्याच्या पीककर्जावर आपल्या मराठवाड्यात भरपूर बोललं जातं आणि ते योग्यच आहे. मला आज बोलायचं आहे ते घर चालवण्यासाठी काढलेल्या कर्जाबद्दल. किराणा, दवाखाना, लेकरांची फी, मोबाईल, लग्न, यासाठीचं कर्ज.

कर्ज आपल्याकडे नवीन नाही. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ साली ग्रामीण पतपुरवठ्याची देशभर पाहणी केली. गोरवाला समितीचा तो अहवाल १९५४ मध्ये आला. धनंजयराव गाडगीळ त्या समितीत होते. शेतकऱ्याच्या कर्जापैकी जवळजवळ ७० टक्के सावकाराकडून येत होतं आणि सहकारी संस्थांकडून जेमतेम ३ टक्के, असं त्यात दिसलं. त्यानंतर सहकारी संस्था वाढल्या, १९६९ मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७६ मध्ये इथे नांदेडला मराठवाडा ग्रामीण बँक सुरू झाली. सावकाराचा फास ढिला व्हावा, हाच या सगळ्यामागचा हेतू होता.

सावकार वाईट होता, पण त्याच्या व्यवहारात एक गोष्ट उघड असायची. ‘तीन रुपये शेकडा’ किंवा ‘पाच रुपये शेकडा’ असा दर तो तोंडावर सांगायचा. निरक्षर माणसालाही कळायचं की शंभराला महिन्याला पाच रुपये, म्हणजे वर्षाला साठ. आज दुकानात, मोबाईलवर, गटाच्या बैठकीत आपण काय विचारतो? ‘हप्ता किती?’ व्याज किती, हे विचारायचंच आपण सोडून दिलं आहे. माझं आजचं सगळं बोलणं या एका वाक्यात आहे.

एक साधा हिशेब सांगतो. एक लाख रुपये, दोन वर्षांसाठी, ‘फक्त १२ टक्के फ्लॅट’. व्याज झालं २४,००० आणि महिन्याचा हप्ता ५,१६७ रुपये. ऐकायला स्वस्त वाटतं. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर लावलेलं असतं. बँकेच्या पद्धतीने, उरलेल्या रकमेवर व्याज धरलं, तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या वर जातो. त्यात प्रक्रिया शुल्क आणि विम्याचा हप्ता आधीच कापून घेतला, तर आणखी वर. क्रेडिट कार्डावर ‘किमान रक्कम भरा’ असं लिहिलेलं असतं. महिन्याला साडेतीन टक्के दर असेल तर वर्षाचे ४२ टक्के झाले. सावकाराच्या भाषेत साडेतीन रुपये शेकडा!

आता आपल्या आवारात या. आपल्याकडे घरकामाला येणाऱ्या ताई, वॉचमन, गाड्या धुणारी मुलं, दारावर भाजी आणणारे यांच्याशी कधीतरी निवांत बोला. एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन गटांची कर्जं आहेत. एका गटाचा हप्ता सोमवारी, दुसऱ्याचा गुरुवारी. एकाचं फेडायला दुसऱ्याचं काढायचं. ही कर्जं विनातारण असतात, पण एकीने नाही भरलं तर बाकीच्यांनी भरायचं, अशी गटाची पद्धत. त्यामुळे वसुलीला कंपनीच्या माणसाआधी शेजारीणच दारात येते. पैसे तर जातातच, वर गल्लीतला शेजारधर्मही जातो. महिना संपायच्या आधी ताई उचल मागतात, तेव्हा आपण कपाळाला आठ्या घालतो. त्या आठवड्यातला हप्ता आपल्याला दिसत नाही.

दुसरं चित्र लातूरचं. माझी काही वर्षं तिथल्या शाखेत गेली. ‘लातूर पॅटर्न’ने आपल्या भागातल्या सामान्य घरातली कितीतरी मुलं डॉक्टर केली, हे मान्यच केलं पाहिजे. पण नीटच्या शिकवणीसाठी गावाकडून लेकरू येतं, तेव्हा शिकवणीची फी, खोली, मेस असं सगळं एकदम अंगावर येतं. बँकेचं नेहमीचं शैक्षणिक कर्ज मान्यताप्राप्त अभ्यासक्रमासाठी असतं. शिकवणीला ते मिळत नाही. मग बायकोचं सोनं गहाण पडतं, नाहीतर वैयक्तिक कर्ज निघतं. एका वर्षात नंबर लागला नाही तर दुसऱ्या वर्षाची फी. मुलाच्या अभ्यासावर घरच्या कर्जाचं ओझं किती असतं, ते त्यालाच माहीत.

यात लोकांची उधळपट्टी किती आणि नाइलाज किती? थोडी उधळपट्टी आहे. लग्नात आहे, मोबाईलमध्ये आहे. पण मूळ कारण कमाईचं आहे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा बाजार सोयाबीनवर चालतो. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात त्याच्या खाली सौदे होत होते. २०२५ च्या पावसाळ्यात मुखेड भागात पाण्याने काय केलं, ते आपण पाहिलं. शेतकऱ्याच्या हातात पैसा नसला की हमाल, टेम्पोवाला, कापड दुकानातला नोकर, सगळ्यांचं काम कमी होतं. आणि पीककर्जाची माफी झाली तरी ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याला त्यातून काय मिळणार?

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. देशातल्या कुटुंबांचं कर्ज २०२४ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ४२ टक्क्यांवर गेलं होतं. घर घेण्यासाठी काढलेलं कर्ज निदान मागे घर ठेवतं. खर्चासाठी काढलेलं कर्ज मागे फक्त हप्ता ठेवतं. विनातारण वैयक्तिक कर्ज फार वेगाने वाढतंय म्हणून रिझर्व्ह बँकेनेच नोव्हेंबर २०२३ मध्ये बँकांचे नियम कडक केले.

नियम कर्जदाराच्याही बाजूने आहेत, पण ते त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. चार लक्षात ठेवा. एक, कर्ज देण्याआधी खर्चासह खरा वार्षिक दर आणि एकूण परतफेड लिहिलेला तपशील मिळालाच पाहिजे. दोन, वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला सूक्ष्म कर्ज देताना सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या कमाईच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. म्हणजे १२,००० कमाई असेल तर हप्ते ६,००० च्या आत. तीन, अशा कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर त्रास देता येत नाही. चार, बँकेने किंवा फायनान्स कंपनीने तक्रारीला तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. फोन नंबर १४४४८. आणि विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, त्याची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करायची.

आता सोसायटीने काय करावं? कर्ज वाटावं असं मी म्हणत नाही, ते आपलं काम नाही. पण आपली सोसायटी ज्या १९६० च्या सहकार कायद्याखाली नोंदलेली आहे, त्याच कायद्याखाली पतसंस्थाही येतात. सहकार म्हणजे फक्त मेंटेनन्स गोळा करणं नव्हे. माझ्या तीन सूचना आहेत.

पहिली, आपल्याकडे काम करणाऱ्यांचा पगार पाच तारखेच्या आत. उशिरा दिलेल्या पगाराचं व्याज तेच भरतात. दुसरी, ताईंना उमेद किंवा माविमच्या बचत गटाशी जोडून द्यावं. गटात दोन टक्के महिना व्याज घेतलं तरी ते गटाच्याच पेटीत राहतं, आणि उमेदच्या पात्र गटांना तीन लाखांपर्यंत बँकेचं कर्ज सात टक्क्यांनी मिळू शकतं. तिसरी, दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी सोसायटीच्या ऑफिसात बसेन. आपल्यात बँकेतून, एलआयसीतून निवृत्त झालेले आणखी चार-पाच जण आहेत, त्यांनीही यावं. कर्जाचा कागद कुणीही आणावा, सही करायच्या आधी आणला तर फारच उत्तम. आम्ही तो वाचून मराठीत समजावून सांगू. चहा माझ्याकडून.

आणि तरुण मंडळींनो, हे फक्त ताईंसाठी नाही. तुमच्या मोबाईलवर ‘दोन मिनिटांत कर्ज’ असा मेसेज आला की वहीत तीन आकडे लिहा. हातात किती पडणार, एकूण किती परत द्यायचे आणि वर्षाला दर किती. हे तिन्ही आकडे मिळाले नाहीत, तर ते कर्ज घेऊ नका.

येत्या रविवारी दहा वाजता ऑफिस उघडं असेल.