डफावरची थाप



डफावर थाप पडते.
तुणतुणं वाजू लागतं.
झीलकरी सूर धरतात,
आणि मुंबईच्या गिरणगावातली माणसं मैदानात गोळा होतात.

१९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी
लाल बावटा कलापथक उभं केलं.

चाली ओळखीच्या होत्या, पोवाड्याच्या, लावणीच्या.
शब्द मात्र नवे होते, कामगारांच्या हक्काचे.

पुढे याच शाहिरांनी
संयुक्त महाराष्ट्राची हाक गावोगावी नेली.
१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झालं.

ज्याला वाचता येत नव्हतं,
त्यालाही गाणं पाठ होत होतं.

म्हणून सांगते, श्रोतेहो,
चाल ओळखीची असली,
की नवा विचार लवकर घरात येतो.

घरातल्या वडीलधाऱ्यांना या शाहिरांची गाणी जरूर विचारा.